हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: आधी समुद्राची वेळ, मग आपली

पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "येत्या दत्तजयंतीला आम्ही हरिहरेश्वरला जाणार आहोत. बरोबर यजमान, नऊ वर्षांचा मुलगा, कॉलेजात जाणारी पुतणी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत. पहाटे निघून बाराच्या सुमारास पोहोचायचे, लगेच दर्शन घ्यायचे, मंदिरामागच्या डोंगराला समुद्राच्या बाजूने प्रदक्षिणा घालायची आणि मग निवांत जेवायचे, असा यजमानांचा बेत आहे. ती वाट तासाभराची आणि अगदी सोपी आहे, असे ते म्हणतात. शेजारच्या काकू मात्र म्हणतात की तिथे माणसे लाटेने ओढली जातात, मुलाला तिकडे नेऊच नका. सासूबाईंचा प्रदक्षिणेचा नवस आहे आणि त्यांचे गुडघे दुखतात. मुलाने तिथल्या जाळीदार खडकांची छायाचित्रे पाहिल्यापासून त्याच्या प्रश्नांनी मला भंडावून सोडले आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?"

सप्रेम नमस्कार.

आपले यजमान आणि आपल्या शेजारीणबाई, दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि आपली अडचण नेमकी तिथेच आहे. अंतराचा विचार केला तर कोकण किनाऱ्यावर इतक्या थोड्या चालण्यात इतके काही दाखवणारी दुसरी वाट मला माहीत नाही. मंदिरामागून पायऱ्या चढून डोंगराच्या खांद्यावर यावे, समोर मोकळा समुद्र पाहावा, मग दोन कातळांच्या मधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी खाली उतरावे आणि कड्याच्या पायथ्याच्या खडकांवरून, उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला समुद्र ठेवून, चालत परत देवळाच्या बाजूला यावे, इतकीच ती वाट आहे. धडधाकट माणसाला ती तासाभरात होते आणि बघत बघत गेल्यास दीड तास लागतो. पण या वाटेचा खालचा भाग दिवसातून दोनदा समुद्र स्वतःकडे घेतो. ओहोटीला जिथे मूल सहज चालते, तिथे भरतीला मोठा माणूस उभा राहू शकत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, वाट तीच ठेवावी आणि वेळ बदलावी. आपण ठरवलेली वेळ संपूर्ण दिवसातली सर्वांत वाईट वेळ आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

त्याचे कारण सविस्तर सांगतो, कारण ते एकदा समजले की आपल्याला पुढे कोणत्याही किनाऱ्यावर कोणाला विचारायची गरज फारशी पडणार नाही. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा आहे. त्या दिवसाच्या तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे, जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती असते, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने सुरू करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, त्यामुळे चतुर्थीची ओहोटी सकाळी नऊच्या जरा नंतर येते. हा आडाखा चालतो, कारण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही तितकीच मागे सरकते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील किंवा मोबाइलवरचे वेळापत्रक पाहावे आणि तिथे पोहोचल्यावर स्थानिक माणसाला विचारून खात्री करून घ्यावी. घरी बसून बेत आखायला मात्र भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

आता दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. तेव्हा पूर्ण भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान येते. त्यात पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत असल्याने भरती नेहमीपेक्षा उंच चढते. ह्यालाच आपण उधाण म्हणतो. आपण देवळात पोहोचाल, दर्शन घ्याल आणि मागच्या पायऱ्या चढून खाली उतराल, त्या वेळी पाणी नुकतेच फिरलेले असेल आणि खडकांची वाट लाटांखाली असेल. अशा वेळी खाली उतरण्यासारखी जागाच उरत नाही, आणि तरीही "एवढे आलोच आहोत, तर थोडे पुढे जाऊन बघू" असे म्हणणारी माणसे असतात. शेजारीणबाईंनी ऐकलेल्या घटना अशाच वेळी घडतात, आणि ती अफवा नाही. येथे अनेकांनी जीव गमावले आहेत. पोहता येणे तिथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण लाट माणसाला धारदार खडकावर आपटते आणि परत जाताना ओढते.

मात्र उधाणाची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. ज्या दिवशी पाणी सर्वांत वर चढते त्याच दिवशी ते सर्वांत दूरही जाते. अष्टमीच्या आसपास जी भांगाची भरती असते तिच्यात पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमेला मात्र संध्याकाळी सव्वापाच ते सहाच्या दरम्यान कड्याच्या पायथ्याचा खडक दूरवर उघडा पडेल. तेव्हा आपण बेताचा क्रम फक्त उलटा करावा. ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा मार्गे आल्यावर बाराला दर्शन घ्यावे. येथील रीत अशी आहे की आधी काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे आणि शेवटी पुन्हा काळभैरवाचे दर्शन घ्यायचे. त्यानंतर जेवावे, सासूबाईंना पडू द्यावे आणि साडेतीनला उठावे. चारच्या सुमारास पायऱ्या चढायला सुरुवात केली तर सगळा वेळ पाणी आपल्यापासून दूर जात असेल, आणि साडेपाचपर्यंत आपण वाळूवर परत आलेले असाल. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. सूर्यास्त वाळूवरून पाहावा. खडकांवर थांबून तो पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्यानंतर अंधार फार लवकर पडतो आणि ओला कातळ अंधारात दिसत नाही. काही कारणाने चारऐवजी पाच वाजले, तर त्या दिवशी खाली उतरू नये.

मुक्काम करणार असाल किंवा तारीख बदलणे शक्य असेल, तर कृष्ण तृतीया किंवा चतुर्थीची सकाळ मी अधिक पसंत करीन. ओहोटी साडेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते, उजेड भरपूर असतो, मुले ताजीतवानी असतात आणि पौर्णिमेची गर्दीही ओसरलेली असते. सातनंतर निघून ओहोटीच्या क्षणापर्यंत परत येणे हा तेव्हाचा हिशेब.

आता मुलाच्या प्रश्नांकडे वळतो, कारण ही वाट ज्यासाठी चालायची ते तिथेच आहे आणि त्याच्याविषयी लिहिताना माझा हात आखडता राहत नाही. हा सगळा डोंगर लाव्हाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून वितळलेला खडक बाहेर आला, थरावर थर पसरत गेला आणि त्यातून दख्खनचे पठार व सह्याद्री तयार झाले. त्याच थरांची एक कड येथे समुद्रात उतरली आहे. मुलाला शाळेत पुढे भूगोलात 'सागरी कडा' आणि 'तरंगघर्षित मंच' हे शब्द भेटतील. येथे ते दोन्ही त्याला पायांखाली आणि डोक्यावर दिसतील. लाट कड्याच्या वरच्या भागाला हात लावीत नाही, ती पायथ्याशी आपटते. तिच्याबरोबर वाळू आणि गोटे येतात, ते पायथा कानशीप्रमाणे घासतात आणि तिथे आडवी खाच पडते. खाच खोल गेली की वरचा खडक आधाराविना लोंबतो, एक दिवस कोसळतो आणि कडा थोडा मागे सरकतो. असे हजारो वर्षे होत राहिल्यावर जो जवळजवळ सपाट खडक मागे उरतो, तोच तरंगघर्षित मंच, म्हणजे आपण ज्यावरून चालणार आहात ती जागा. त्याला सांगावे की कधीकाळी कडा तुझ्या पायाखालच्या जागी उभा होता. माझ्या अनुभवात मुले हे वाक्य ऐकून थांबतात आणि मग स्वतःच खाचा शोधू लागतात.

जाळीदार खडकांचे गुपित मिठात आहे. लाटांचे तुषार कड्यावर उडतात आणि खारे पाणी खडकाच्या बारीक छिद्रांत शिरते. उन्हाने आणि वाऱ्याने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. मिठाचे स्फटिक वाढताना आजूबाजूच्या कणांना रेटतात आणि खडक कणाकणाने सुटत जातो. एकदा लहानसा खड्डा पडला की त्याच्या आत सावली आणि ओल अधिक काळ टिकते, मीठ तिथेच अधिक साठते आणि खड्डा खोल होत जातो, तर दोन खड्ड्यांमधली भिंत मात्र उभी राहते. अशा शेकडो खड्ड्यांतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी तयार झाली आहे. काही ठिकाणी ती इतकी नाजूक दिसते की दगड कोरून काढल्यासारखा वाटतो. दुपारी चारनंतर उन्हे तिरपी झाली की प्रत्येक खड्ड्यात सावली पडते आणि जाळी उठून दिसते, हा संध्याकाळच्या वेळेचा आणखी एक लाभ.

याशिवाय खडकात पांढरे ठिपके आणि डोळे दिसतील. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे रिकामे राहिले आणि नंतर पाण्यातून आलेल्या खनिजांनी ते भरले, त्यांच्या त्या खुणा आहेत. मंचावर गोल खळगेही सापडतील. आपण निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिले असतील, तर मुलाला त्यांची आठवण करून द्यावी. तिथे प्रवाहाने गोटे गरगरा फिरवून खडक पोखरला, येथे ते काम लाट करते. त्या खळग्यांत ओहोटीनंतर पाणी उरते आणि त्यात शंख, लहान खेकडे, कधी बोट लावताच मिटणारे समुद्रफूल असे एक छोटे जग थांबलेले असते. तिथे पाच मिनिटे उकिडवे बसून नुसते पाहावे. जिवंत शंख-शिंपले उचलू नयेत आणि जाळीदार खडकाचा तुकडा तोडून तर मुळीच आणू नये. मुलाबरोबर एक वही आणि पेन्सिल द्यावी, जाळीचे चित्र काढून तो घरी नेईल.

सासूबाईंविषयी थोडे मनापासून लिहितो. हरिहरेश्वर हे पेशव्यांसह अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे, या क्षेत्राला दक्षिण काशी म्हणतात आणि येथल्या प्रदक्षिणेचा नवस एखादी स्त्री किती वर्षे मनात बाळगून असते याची मला कल्पना आहे. म्हणून "तुम्ही इथेच बसा" असे त्यांना एका वाक्यात सांगू नये. परंतु दुखऱ्या गुडघ्यांना चढ जितका त्रास देत नाही तितका उतार देतो, आणि येथला उतार अरुंद, उभा व असमान पायऱ्यांचा आहे. तो उतरल्यावर खडकांवर पाऊल कुठे पडेल याचा दर वेळी विचार करावा लागतो. एकदा खाली गेल्यावर मध्येच गुडघा अडला तर ना पुढे जाता येते ना मागे, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. त्यांना घरी दोन मजल्यांचे जिने आधाराविना सलग चढता-उतरता येत असतील तरच नेण्याचा विचार करावा, काठी द्यावी आणि यजमानांनी त्यांच्या एक पायरी खाली चालावे. तसे जमत नसेल तर शास्त्रातच सोय आहे. मंदिरातल्या देवाला प्रदक्षिणा घालावी किंवा जागेवर स्वतःभोवती फिरून प्रदक्षिणा घालावी, ही आपल्याकडची मान्य रीत आहे. देवळातल्या गुरुजींना आधी भेटून त्यांच्याच तोंडून सासूबाईंना हे सांगू द्यावे. सुनेने सांगितलेले मनाला लागते, गुरुजींनी सांगितलेले मनाला पटते. नंतर ओहोटीच्या वेळी प्रदक्षिणेची वाट जिथे संपते त्या बाजूने, वाळूवरून, त्यांना खडकांच्या सुरुवातीपर्यंत हळूहळू न्यावे. हे उलट्या दिशेने चालणे होते, म्हणून त्या कदाचित कचरतील. तेव्हा ही प्रदक्षिणा नसून समुद्राचे दर्शन आहे असे सांगावे. पायऱ्या न उतरताही त्यांना खडक जवळून पाहायला मिळतील आणि आपण सगळे कड्याला वळसा घालून येताना त्यांना दिसाल.

पायांत काय असावे, याबाबत मी आग्रही आहे. मागून पट्टा असलेली रबरी तळाची सँडल किंवा बूट घालावेत, सपाता नकोत. काही भाविक अनवाणी जातात. त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो, तरी खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात आणि मुलाला तरी अनवाणी नेऊ नये. कोरडा, फिकट दिसणारा खडक पायाला धरतो. काळपट-हिरवा, चकाकणारा खडक म्हणजे शेवाळ, त्यावर पाय ठेवू नये. हात मोकळे राहतील अशी पाठीवरची एकच पिशवी न्यावी, तीत पाणी आणि थोडा खाऊ असावा. लोंबत्या कड्याच्या किंवा गुहेच्या तोंडाखाली सावलीला बसू नये, वरून दगड सुटतात.

पायऱ्या उतरण्यापूर्वी वरच थांबून दहा मिनिटे समुद्राकडे पाहावे. लाटा सारख्या आकाराच्या येत नाहीत. बऱ्याच लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या येतात आणि त्या कुठवर पोहोचतात ते ओल्या खडकाची रेघ सांगते. आपली वाट त्या रेघेच्या बरीच वर, कोरड्यात असली पाहिजे. खाली चालताना मुलाचा हात मोठ्या माणसाने धरावा, मोठे माणूस समुद्राच्या बाजूला आणि मूल डोंगराच्या बाजूला. पुतणीला आधीच बजावून ठेवावे की छायाचित्रासाठी समुद्राकडे पाठ करून काठावर उभे राहायचे नाही. ओहोटी असली तरी हा नियम सुटत नाही. दुर्दैवाने कोणी पाण्यात पडलेच तर मागोमाग कोणीही उडी घेऊ नये. ओढणी, दोरी, बंद केलेली रिकामी बाटली, जे तरंगेल किंवा हाती येईल ते फेकावे, आरडाओरडा करून लोक गोळा करावेत आणि 112 क्रमांकावर फोन करावा.

एक आठवण सांगतो. काही वर्षांपूर्वी मी तिथे ओहोटीला गेलो होतो आणि खळग्यांत डोकावता डोकावता वेळेचे भान सुटले होते. खडकावर एक वयस्कर बाई कोयतीने कालवे काढीत होत्या. त्यांनी अचानक टोपली उचलली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पाणी फिरलं, चला." मला समुद्रात काहीही बदललेले दिसत नव्हते. तरी मी त्यांच्यामागून निघालो. अर्ध्या तासाने वाळूवरून मागे वळून पाहिले, तेव्हा मी बसलो होतो त्या खळग्यांवरून पाणी वाहू लागले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर रोज वावरणाऱ्या माणसाच्या शब्दापुढे मी माझे वेळापत्रक बाजूला ठेवतो. आपणही चारला निघण्यापूर्वी देवळाजवळच्या फुलवाल्याला किंवा जेवलात त्या घरच्या माणसाला विचारावे, आणि त्याने "आज नको" म्हटले तर वाद घालू नये. समुद्र खवळलेला असेल तर ओहोटीतही लाट वर येते. पावसाळ्यात तर ही वाट डोक्यातूनच काढून टाकावी. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधव होड्या ओढून ठेवतात, त्या समुद्राशी आपण पर्यटकांनी स्पर्धा करू नये.

यजमानांना माझा निरोप सांगावा की त्यांची वाट मी बदललेली नाही, जेवण आणि प्रदक्षिणा यांची अदलाबदल केली आहे. काकूंना सांगावे की त्यांच्या काळजीमुळेच ही वेळ नीट ठरली. आणि सासूबाईंसाठी एक घडीची खुर्ची आणि थर्मासमध्ये चहा घेऊन जावा. वाळूवर जिथे वाट संपते तिथे पुतणीने त्यांच्याजवळ थांबावे. साडेपाचला मुलगा वही घेऊन धावत येईल, तेव्हा चित्र सर्वांत आधी आजीला दाखवायचे, हे त्याला निघतानाच सांगून ठेवावे.